पन्नासपैकी एकोणीस

बाटल्या तीन, बुडाला गोणपाट, वर संत्र्याचं खोकं.
वरूडच्या कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय?
लोणच्याचा खार, म्हटलं.
त्यानं खोकं हलवलं, कान लावला,
आणि फसफसणाऱ्या खाराची पावती फाडली, पुण्याची.

तीन आठवड्यांनी कागद आला.
पन्नासपैकी एकोणीस.
खाली निळ्या शाईत बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर:
'दवाखान्याचा वास. जखमेवरच्या पट्टीसारखा.
पाणी कुठलं वापरता?'

बावीस वर्षं दूध संकलन केंद्रावर बसतो मी.
लॅक्टोमीटर सोडतो, फॅट बघतो, चिठ्ठी फाडतो.
पुढचा.
माझ्या तोंडावर असा आकडा कुणी फेकला नव्हता.
दोन दिवस कागद उशीखाली,
तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या वळचणीत.
मोड आणलेला जव, घरची ज्वारी,
सावलीत वाळवलेली संत्र्याची साल,
आणि म्हणे दवाखाना!

चौथ्या दिवशी नळ आला.
ग्रामपंचायतीचा सुदाम टाकीवरून उतरत होता,
हाताला पांढरी पावडर.
बिडी पेटवण्याआधी त्यानं बोटं हुंगली, नाक मुरडलं.
मी तांब्या तोंडाशी नेला
आणि तसाच उभा राहिलो.
बाई, तुम्ही पुण्यात बसून
आमच्या टाकीत डोकावलात.

दुसऱ्या खेपेला पाणी शेतातल्या विहिरीचं.
सत्तावीस.
'वास गेला, छान. पण घसा भाजतो.
आंबवताना खोली फार गरम होती का?'

खोली!
मे महिना, वर पत्रा,
कूलरसुद्धा तापकऱ्यासारखा श्वास टाकतो.
पण विचारलंय तर उत्तर द्यायला हवं.
पिंप दोरानं बांधून विहिरीत सोडलं, पाण्याला टेकेल असं,
लहानपणी टरबूज सोडायचो तसं.
रोज पहाटे काठावर ओणवा.
शेजारच्या मळ्यातून आवाज यायचा,
'काय पडलं गा?'

तिसऱ्यांदा चोवीस. खाली आला आकडा.
'सालीचा आतला पांढरा भाग खरवडून काढा.
कडवटपणा तिथला आहे.'
बायकोनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला.
'हे तं मी पयल्याच दिवशी म्हटलं होतं,' म्हणाली,
'पण माह्याजवळ निळा पेन नव्हता.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला येवतकरांचं दूध.
फॅट तीन पूर्णांक एक. नेहमीचंच.
अकरा वर्षं मी चिठ्ठीवर आकडा लिहीत होतो
आणि मनात, पाणी.
त्या चिठ्ठी पदराला बांधून निघून जायच्या.
त्या दिवशी 'पुढचा' ओठांवर आलं, आणि थांबलं.
विचारलं, शेवटची धार कॅनमध्ये येते,
की वासराला सोडता?

रांग थांबली. मागच्याची बादली खाली टेकली.
'वासराले. काहून?'
सगळी साय शेवटच्या धारेत असते, म्हटलं.
आधी पाजा, मग काढा. आकडा वाढेल.
त्या हसल्या नाहीत.
'मले मालूम हाये ते.
म्हणूनच तं त्याले सोडतो.'
चिठ्ठीची घडी केली, गाठ मारली, निघाल्या.
मी बराच वेळ लॅक्टोमीटर पुसत बसलो.
तो केव्हाचा कोरडा होता.

आता चौथी खेप विहिरीत आहे.
अर्जाच्या तळाशी एक रकाना असतो:
बनवणाऱ्याला काही सांगायचं आहे का?
तीनदा मी तो कोरा पाठवला.
या वेळी लिहिलंय,
बाई, पाणी बदललं, पिंप गार ठेवलं,
साल खरवडली.
थोडी पांढरी मात्र
मुद्दाम ठेवली आहे.