पंधरावा

हापसालूच्या खाडीतला काळा गाळ
पूर्वी औषध होता.
गुडघ्यांना लिंपायला लांबून माणसं यायची.

आता उर्वे तो चाळणीत धुते,
उरलेले जीव मोजते:
तिळाहून लहान, पाठीत वाकलेले,
अंधार सोडू नये एवढंच शिकलेले.

काल दिवा लावला
तर चौदा जण वर आले
उजेडाकडे, बिनघोर.
खाडीत असते तर एव्हाना माशांनी टिपले असते.

नोव्हेंबरपासून उर्वेही
सकाळी अर्धी गोळी घेते.
तेव्हा कुठे पडदा सरकतो,
बर्फावरून पाऊल इथवर येतं.
अंगात न मुरलेली
मोरीतून खाडीला मिळते,
हे वाक्य अहवालात तिचंच आहे.

ती दिवा मालवते.
खिशातली दुसरी अर्धी चाचपते.

काचेमागे पंधरावा
अजून वर येतोच आहे.