नवशिक्यांचा मंगळवार

वॉटकिन्स ग्लेन. सेनेका तळ्याकाठचं जुनं धान्यकोठार,
आता त्यात लाकडी टेबलं आणि दर मंगळवारी
नवशिक्यांचा वर्ग. आम्ही नऊ जण.
शिकवतात लोरेटा हॅस्किन्स, सत्तरी ओलांडलेल्या,
नखांच्या कडा कायमच्या जांभळ्या.

पेला दांडीला धरा, म्हणाल्या,
पोटाला धरलात तर हाताचा ताप वाइनला चढतो.
पांढऱ्या कागदावर तिरका करून बघा. आता फिरवा.
माझी थोडी सांडली.
पिऊ नका अजून. आधी नाक.

नाक म्हटल्यावर आप्पा.
जतला, दारूबंदी खात्यात बावीस वर्षं शिपाई.
थेंब कधी तोंडाला लावला नाही, पण
मडकं, डबा, सायकलची ट्यूब, माणसाचं तोंड,
सगळं हुंगायचे आणि वहीत उतरवायचे:
गूळ. नवसागर. सडकी केळी.
घरी आले की आधी साबणाने नाक धुवायचे.

काय सापडतंय? बाईंनी विचारलं.
कुणी म्हणालं पीच, कुणी ओला दगड.
डॅरिल म्हणाला, वाइनचा वास येतोय.
मी म्हणाले, रॉकेल. अगदी पुसट,
स्टोव्ह विझवल्यावर राहतं तेवढं.
म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटली.
बाईंनी टेबलावर थाप मारली: बरोबर!
मुरलेल्या रीसलिंगला तो येतोच.

मग लाल. कॅबरने फ्रांक.
जीभ कोरडी पडली, गाल आत ओढले गेले.
ही चव म्हणायची की स्पर्श?
बाई शब्द शोधत राहिल्या: लोकर, खडू, फार उकळलेला चहा.
मी उठून फळ्यावर लिहिलं, तुरट.
सहा रसांत त्याची जागा केव्हाची ठरलेली.
नऊ जणांनी टुरट, टुरट करून पाहिलं,
म्हणताना प्रत्येकाचं तोंड थोडं आखडलं.

शेवटी बादली फिरली. घोट घोळवून थुंकायचा,
म्हणजे जीभ शिकते आणि डोकं जागेवर राहतं.
चांगलंचुंगलं कसं थुंकायचं?
मी गिळला.

बाहेर तळ्यावरून ऑक्टोबरचा वारा,
पोटात बोटभर ऊब.
आप्पा समोर असते तर म्हणाले असते, तोंड उघड, हा कर.
मी केला असता.
त्यांनी डोळे मिटून, सावकाश,
कानावरची पेन्सिल काढून लिहिलं असतं:
जांभूळ. पेन्सिलीचा भुगा. ओली माती.
आणि खाली, नेहमीच्या तिरक्या अक्षरात,
कारवाईची गरज नाही.