अवशिष्ट

हरेश्वर तांडेल एकतीस वर्षं क्लोरीन-घरात होते.
आधी नाकानं सांगायचे, मीटर नंतर.
"बाई, आज जरा चढा लागलाय."
आता दांड्याला घरी असतात.
दारात बोंबील वाळत घातलेले,
आणि ते सुनेला विचारतात,
वास सुटलाय का गं?

मी नाक वापरत नाही.
भांडुपच्या प्रयोगशाळेत माझं यंत्र
कागदावर डोंगर काढतं:
टेकाड, टेकाड, मग एकदम सुळका.
तो क्लोरोफॉर्म.

कुणी ओतला नाही तो.
तलावाकाठी ऐन, कळंब, सावर पानं गाळतात,
पानं कुजतात, पाणी फिकट चहासारखं होतं.
त्यात आम्ही क्लोरीन सोडतो, कॉलऱ्यासाठी.
तो कॉलरा मारतो
आणि जाता जाता पानांशी सोयरीक करतो.
त्या लग्नाची ही पोरं,
मायक्रोग्रॅममध्ये मोजायची.
"मर्यादेच्या आत" असं मी दर आठवड्याला लिहिते
आणि "आत"पाशी पेन जरा रेंगाळतं.

मार्गशीर्षात चाचणीसाठी दिवे आले.
स्टीलचं नळकांडं, त्यात काचेच्या बाहीतला अतिनील उजेड.
सिक्वेरा म्हणाले, झरोक्यातून बघा, निळं.
पण दिसतं ते काम करत नाही
आणि काम करतं ते दिसत नाही.
जंतूला ते मारत नाही म्हणे,
आतल्या शिवणीचे दोन टाके एकमेकांत गुंतवतं.
तो राहतो. वंश राहत नाही.
त्या ओळीवर क्लोरीन निम्म्यावर आणला,
सुळका खुजा झाला.
सुंठीवाचून खोकला!
मी डब्यातला शिरा सगळ्यांना वाटला.

मग टेकडीवर गेले, शेवटच्या नळाला.
पाणी पहाटे साडेतीनला, चाळीस मिनिटं.
पाइप गटारातून येतो,
जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
पाणी नसतं तेव्हा पाइपही श्वास घेतो,
बाहेर असेल ते आत ओढतो.
दिवा भांडुपलाच राहिला होता.
उजेड काही पाण्यासोबत चालत येत नाही.

शेवंता लोंढेंनी हंडा सरकवला.
मी बाटली भरली, गोळी टाकली, हलवली.
गुलाबी यायला हवं होतं.
मोबाइलच्या टॉर्चमध्ये आम्ही दोघी बघत राहिलो.
"काय दिसत नाय, म्हंजे चांगलंच ना बाई?"

तांडेलांना फोन केला. का, ते ठाऊक नाही.
बराच वेळ खोकले. मग म्हणाले,
"एवढ्या लांब पाठवता तिला.
सोबतीला कोण नको?
मग सोबतीचा वास येणारच."

क्लोरीन वाढवला. दिवेही ठेवले.
आठवड्यानं पुन्हा त्याच नळाशी:
नखाच्या मुळाशी असतो
तेवढा गुलाबी.
शेवंताबाईंनी ओंजळ हुंगली, तोंड वाकडं केलं.
"आज मारतंय."
हो, म्हटलं.
कडेवरच्या पोराला त्यांनी भांडं लावलं,
ते घटाघट प्यालं, अर्धं गळ्यावर सांडलं.

माझ्या पिशवीत बर्फावर दुसरी कुपी होती,
तपकिरी काचेची,
काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता भरलेली.
ती यंत्राला अजून दाखवायची होती.