शेऱ्यांचा रकाना

ऑगस्ट. मारादीच्या उत्तरेला, डांबर संपल्यावर तीन तास.
माझ्याकडे टॅब्लेट, मोजपट्टी, पाण्याच्या दोन बाटल्या
आणि एक प्रश्नावली, जिच्या लेखी झाड
जिवंत असतं किंवा मेलेलं.

तालातूकडे एक तुंबा. तुंब्यात खडे.
"सन्नू दा आइकी," ती म्हणाली.
राबणाऱ्याला इथे असं म्हणतात.
मी दोस्सोचा, तिची भाषा माझ्या तोंडात उसनी,
आणि राबत तर तीच होती.

बाजरी कमरेला लागलेली. बांध नाही,
हद्द गवताच्या झुबक्यांनी ठरते.
जुन्या खुंटातून दहा धुमारे फुटतात,
त्यातले तीन ठेवायचे, सात छाटायचे,
आणि तिघांत जो सरळ, त्याला निळी चिंधी.
थोरलीच्या लग्नातलं कापड, विरेपर्यंत नेसलेलं.
शेळ्या वळणाऱ्या पोरांना चिंधी वाचता येते.
दर सुगीनंतर ती गाठ सोडते, पुन्हा बांधते.
कापड पुरेनासं झालं की झाड वाढलं.
मी छातीच्या उंचीवर पट्टी लावून
हेच सेंटिमीटरमध्ये लिहीत होतो.

संध्याकाळी बेरीज केली. जिवंत: एकतीस.
तिने तुंबा हलवला.
"चाळीस."

नऊचा फरक अहवालात चालत नाही.
नऊसाठी मला नियामेहून फोन येतो,
नियामेला समुद्रापलीकडून.
म्हणून सकाळी पुन्हा निघालो, झाडामागून झाड.
आठ सापडली. करडी, काटेरी,
भर पावसात अंगावर एक पान नाही.
आकाशातल्या कॅमेऱ्यानेही त्यांना मेलेलंच धरलं होतं,
मी फक्त त्याची री ओढली होती.

"गाओ," ती म्हणाली, हळू,
घरात कुणी झोपलेलं असावं तसं.
बाजरीला ऊन हवं असतं तेव्हा हा सावली आवरून घेतो.
बाकीचे उघडे पडले की मग नेसतो.
तिने नखाने साल खरवडली.
आत ओलं, हिरवं.
दुसऱ्याचं. तिसऱ्याचं. आठव्यापर्यंत
तिच्या नखात हिरवं साचलं होतं.

नववा म्हणजे खुंट. कुऱ्हाडीचा घाव, बराच जुना.
"दिराला छपरासाठी आडं हवं होतं," ती म्हणाली.
"खडा मी काढला नाही. वाटलं, फुटेल."
तिने तिथेही खरवडलं.
नखाखाली भुसा आला.
ती बराच वेळ नख पुसत राहिली.

प्रश्नावलीत झोपलेल्यासाठी खूण नाही.
शेऱ्यांच्या रकान्यात साठ अक्षरं मावतात.
लिहिलं: गाओ. पावसात पानं नसतात. जानेवारीत पाहा.
साहेबांचं उत्तर दोन दिवसांनी:
शेरे बेरजेत धरत नाहीत.

जानेवारीत मी गेलो. रजेवर, मेव्हण्याच्या मोटरसायकलवर,
तोंडाला फडकं बांधून, कारण वारा
वाळवंट उचलून दारोदार वाटत होता.
शेत पिठासारखं पांढरं.
आणि त्यात आठ हिरवे, गच्च,
शेंगांनी लगडलेले,
प्रत्येकाखाली रवंथ करणारी दोनचार जनावरं.
त्या महिन्याचं आकाशातलं चित्र मी नंतर मागवलं.
तिच्या शेतात त्यात आठच झाडं आहेत.
बाकीची एकतीस धुळीच्या रंगाची.
ऑगस्टचं चित्र खरं आहे. हेही खरं आहे.
सही दोन्हींवर माझी आहे.

तालातूने तुंबा चटईवर पालथा केला.
पाच-पाचच्या आठ ढिगल्या लावल्या, बोट फिरवलं,
मग शेवटच्या ढिगलीतला एक उचलून तळव्यावर धरला.
"हा खोटा."

मी न विचारता.
फक्त मी, मोटरसायकल आणि धूळ हजर असताना.

पलीकडे एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून
चिंधी बांधलेल्या कोवळ्या फांदीकडे मान लांबवत होती.
तालातूने खडा भिरकावला.

लिहा, एकोणचाळीस.
नेम चुकला नाही, हे शेऱ्यांत.