सतरावं पान

रात्री नऊला फाटकाची साखळी लावली
की आलापल्लीचा डेपो माझा.
थप्प्यांवर थप्प्या सागवानाच्या,
ओंडक्या-ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याचा ठसा,
लॉट नंबर, लांबी, गोलाई.
आणि टेबलावर, कपाच्या ओल्या गोलाशेजारी,
वाचनालयातून आणलेलं जाड पुस्तक:
कव्हर गेलेलं, पाठीला मैद्याची खळ.

गोष्ट एका घड्याळजीची, कुठल्याशा बर्फाच्या मुलखातली.
मेलेल्या माणसाच्या घड्याळात त्याला सापडतं
तिळाएवढं कोरलेलं घुबड, चोचीत किल्ली.
तिथून जो पळून राहिला बाप्पा, पळूनच राहिला!
छपरांवरून, गटारातून, घंटेच्या खालून,
मागे राखाडी हातमोजेवाले,
तीनशे वर्षांची त्यांची मंडळी,
शपथा काय, मेणबत्त्या काय,
आणि प्रकरण जेमतेम दीड पानाचं,
दार करकरलं की संपलं.
लेखकाला मी एक शिवी दिली,
लाकडाच्या ठेकेदारासाठी राखून ठेवलेली,
आणि पान उलटलं.

असं काही नसतं, ठाऊक आहे.
तीनशे वर्षं कोणाच्यानं गुपित राहते?
आमच्याकडे कोणी मोहाची उतरवली
तर धुराच्या आधी बातमी नाल्यापलीकडे.
पण पोटात गोळा येतो तो तर खराच ना.
साडेअकराची फेरी चुकली.
बाराची मारली, बॅटरी घेऊन,
आणि लॉट बत्तीसपाशी थबकलो.
ठसा. गोलात त्रिकोण, त्रिकोणात अक्षर.
नऊ वर्षं हा हातोडा मीच मारतो,
तरी मान वळवून मागे पाहिलं.
मागे कोल्हा होता.
त्याच्या हातात मोजे नव्हते.

दोन वाजता, घुबडाचा डोळा उजवा की डावा
ते पाहायला परत सतराव्या पानावर आलो,
आणि समासात, शिवणीच्या पार आत,
शिसपेन्सिलीनं बारीक:
एक सुई, नेढ्यासकट.
एक गोळी, मधोमध रेघ.
चंद्रकोर, खाली दोन टिंबं.
एक बदक, किंवा दोनाचा आकडा.

पहाटेपर्यंत मी भिंतीला पाठ लावून वाचलं.

सकाळी पत्रूजी गावतुऱ्यांनी कुलूप काढलं
आणि हसता हसता खोकले.
"तुले आत्ता दिसलं काय बे?
वाचेल पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये
म्हणून जो तो सतराव्यावर आपली खूण करते."
सुई म्हणजे निकोडे टेलर.
गोळी चांदेकर कंपाउंडर.
बदक कोणाचं, ते त्यांनाही माहीत नाही,
कपाट आलं तेव्हापासून आहे.
आणि चंद्रकोर?
"ते मी नाही सांगत."

मग मी उभ्या उभ्या सतरावी पानंच चाळली.
निकोडे, ज्यानं माझा लग्नाचा शर्ट तोकडा शिवला,
तो नुसती प्रवासवर्णनं वाचतो;
सिरोंच्याच्या पुढे गेलेला कोणी पाहिला नाही.
कंपाउंडरची गोळी कवितांच्या तीन पुस्तकांत,
एकात तर दोनदा.
आणि जिथे जिथे खून, तळघर, पळापळ,
तिथे तिथे चंद्रकोर, माझ्या आधी.

नियम एकच: शेवटच्या पानाआधी खूण नाही.
माझी चाळीस पानं बाकी.
तरी लॉटच्या रजिस्टरमागे सराव केला:
कुऱ्हाड जमली नाही, कोल्हा जमला,
म्हणजे दोन कान आणि शेपटीची रेघ.

दहाला पोस्टाच्या कमलताई आलाम आल्या,
ऑफिसचा लिफाफा दिला, सही घेतली,
माझ्या काखेतल्या खळीच्या पाठीकडे पाहिलं
आणि सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाल्या,
"किल्ली उलटी फिरते. ध्यानात ठेव."

धूळ खाली बसली.
रात्री नऊला अजून अकरा तास होते.