गोठणकरांचा डबा

पुनर्विकासाला नेरुळचं घर रिकामं करताना
ओट्याखाली, पार मागे,
पुरणयंत्राच्या आड
दुसऱ्याचा डबा सापडला.

झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. सुहासिनी ना. गोठणकर, १२-५-९१.
तळाला पुन्हा तेच,
कारण झाकणांची अदलाबदल होते
आणि त्यावरून बायका वर्षभर बोलत नाहीत.

आई मटकन बसलीच खोक्यावर.
अगं, हा राहिला की द्यायचा!
काकू उलव्याला गेल्या त्याला आठ वर्षं झाली.
शेवटचं काय आलं होतं यातून?
बाबा म्हणाले, अळूवड्या.
मला वाटतं खापरोळ्या,
रस वेगळ्या पेल्यात, वर बशी झाकून.

रिकामा डबा परत द्यायचा नाही.
हे आम्हाला कुणी शिकवलं नाही,
जिन्यातल्या दोन पावलांत आपोआप कळलं.
काहीच नसलं तर चिमूटभर साखर.
एकदा अठ्ठावीस तारखेला साखरही नव्हती,
आईने कुंडीतली कढीपत्त्याची डहाळी ठेवली.
दुसऱ्या दिवशी तीच डहाळी
आमटीत पोहत परत आली.

मग आठ वर्षांचं काय द्यायचं?
लाडू केले तर काकूंना साखर.
चिवडा केला तर दात.
शेवटी मेतकूट. घासून, पुसून, उन्हात वाळवून
डबा गच्च भरला,
आणि पाम बीच रोडभर आईने तो मांडीवर धरला,
मागे जागा असून.

काकूंनी चष्मा लावला, नाव वाचलं.
नानांना जाऊन सहा वर्षं झाली.
झाकणावरच्या ‘सौ.’वरून त्यांचा अंगठा
एकदा गेला, पुन्हा गेला,
मग म्हणाल्या, मेतकूट तूच केलंस ना,
विकतचं नाही ना?

निघताना चपला घालतोय तोवर
आतून भांड्यांचा आवाज.
पिशवीत काहीतरी गरम आलं.
अहो काकू, हा डबा तुमचा, तोच द्यायला आलो होतो...
असू दे गं, पुढच्या वेळी आण.

घणसोलीच्या भाड्याच्या घरात
अजून निम्मी खोकी बंद आहेत.
डबा मात्र ओट्यावर, समोरच.
सांदणं संपली परवाच.
धुतला तरी त्याला एक वास राहिलाय,
थोडा हिंगाचा, थोडा हळदीच्या पानांचा.
आई दोनदा हुंगते
आणि म्हणते, यातला आपला कुठला?