ओळ देणारा

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात
सोमवारपर्यंतचं सगळं उरकलेलं असायचं.
बटाटे सोलून पाण्यात,
दलदलीतून कापून वाळवलेलं जळण चुलीशेजारी,
बाबांची दाढी, आईचे धुतलेले केस,
आणि कोंबडा टोपलीखाली.
कोंबड्याचं खोटं. आमच्याकडे कोंबडा नव्हताच.
लुईस बेटाबद्दल लोक असलं काहीबाही सांगतात,
आणि इन्व्हरनेसला रात्रपाळीत मीही सांगते,
चहा निवेपर्यंत.

रविवारी रस्त्यावर फक्त काळे कोट आणि वारा.
आमच्या देवळात पेटी नाही, ऑर्गन नाही.
ओळ देणारा एक माणूस असतो.
तो एकटा गळा सोडतो,
मग सगळी मंडळी ती ओळ उचलते,
जो तो आपल्या श्वासाने, कुणी आधी, कुणी मागून,
खडकांवर पाणी चढावं तशी.
सव्वीस वर्षं ती ओळ माझे बाबा देत होते,
टॉर्मड मॅकऑले.
आणि तिसऱ्या बाकावरून ती उचलत होता फिनले,
ज्याच्याशी बाबा अकरा वर्षं बोलले नव्हते.

कुंपणाची तार, दीड हात इकडे की तिकडे.
एवढंच.
रविवारी फिनले बाबांच्या सुरामागून जायचा,
सोमवारी वाटेत दिसले की मेंढ्या मोजू लागायचा.
बाबांनी दशमांश चुकवला नाही,
दारूला शिवले नाहीत,
खोटं बोललेले मला आठवत नाहीत.
फक्त संध्याकाळच्या वाचनात
दान आणण्याआधी भावाकडे जा, असं ते पान आलं
की थोडं भरभर वाचायचे.
आई चष्मा पुसत बसायची.

मी बारा वर्षांची. मार्च.
दोन उपासनांच्या मधली वेळ.
कुंपणापलीकडे फिनलेची गाभण मेंढी
उताणी पडलेली, चारही पाय आभाळाकडे.
तशी पडली की तिची तिला उठता येत नाही.
पोट फुगतं. कावळे डोळ्यांपासून सुरुवात करतात.
बाबांचं बोट पानावर होतं.
बराच वेळ ते एकाच शब्दावर राहिलं.

मग उठले. अंगात काळा कोट तसाच.
तार ओलांडताना एक बटण गेलं.
मेंढीला कवेत घेऊन उलटवलं
आणि सोडलं नाही,
कारण पाय बधिरलेले असतात, लगेच सोडली तर पुन्हा पडते.
गुडघ्यांत तिला धरून
वाऱ्यात उभे राहिले, मला वाटलं तासभर,
असतील पंधरा मिनिटं.
फिनलेच्या खिडकीचा पडदा हलला.

परत येऊन हात धुतले.
लोकरीचा वास गेला नाही.
मी विचारलं, हे काम नव्हतं?
"बटाटे सोलणं हे काम," म्हणाले,
आणि जिथे बोट होतं तिथून पुढे.

त्या संध्याकाळी मी कान लावून बसले.
फिनलेचा आवाज नेहमीसारखाच, जरा खरखरीत.
मंगळवारी उंबऱ्यावर बटण होतं,
वर एक दगड, वाऱ्याने जाऊ नये म्हणून.
बोलायला आणखी दोन वर्षं लागली,
तेही मेंढ्यांच्या खुरांच्या औषधावरून.
तार आहे तिथेच आहे.

आता रविवारी मी वॉर्डात असते.
दर दोन तासांनी माणसांना कुशीवर वळवते,
उभं केलं की लगेच हात काढत नाही.
शनिवारी बटाटे सोलून पाण्यात ठेवते.
याला पाळणं म्हणायचं का,
कुणाला विचारलेलं नाही.

फोनमध्ये हॅलिफॅक्सच्या भावाचा नंबर आहे.
नावं खाली सरकवताना तो आला
की माझं बोटही
थोडं भरभर जातं.